छापल्याप्रमाणे मंजूर

मनुष्यजातीच्या प्रगतीतला सर्वांत मोठा अडथळा कोणता, असं विचारलं की विद्वान मंडळी अज्ञान, दारिद्र्य, युद्ध अशी ठरलेली नावं घेतात. खरा अडथळा निराळाच आहे. यादीच्या सुरुवातीला नवं काही घुसवलं की खालचे सगळे क्रमांक बदलावे लागतात, हा तो अडथळा. यापायी साम्राज्यं बुडाली असतील. बुडाली नसतील तर त्यांनी आळसापोटी यादीच केली नसेल, एवढंच.

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातलं वेस्ट ऑरबी हे गाव मात्र आळशी नव्हे. माणसं सहाशेच्या आसपास, गायी त्याहून जास्त आणि गावाच्या नियमावलीत कलमं चाळीसच्या वर. दर मार्चमध्ये पहिल्या मंगळवारी गाव शाळेच्या व्यायामशाळेत, बास्केटबॉलच्या जाळीखाली, घडीच्या खुर्च्यांवर बसतं आणि हात वर करून स्वतःचं राज्य स्वतः चालवतं. त्या दिवशी एक नवं कलम मंजूर होतं. एकाहून जास्त होत नाही, कारण मग जेवण असतं.

हे नवं कलम यादीच्या शेवटी जोडलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण कलम मांडणाऱ्या प्रत्येकाला आपला विषय गावापुढचा सर्वांत महत्त्वाचा विषय वाटतो आणि तसं न वाटणारा माणूस मुळात कलम मांडतच नाही. त्यामुळे प्रत्येक नवं कलम पहिल्या क्रमांकावर बसतं आणि कालपर्यंत पहिलं असलेलं निमूट दुसरं होतं. कलम तळाशी घालावं अशी सूचना गावाच्या इतिहासात एकदाच आली होती. ती करणारे गृहस्थ पुढे शेजारच्या न्यू हॅम्पशायर राज्यात राहायला गेले.

क्रमांक बदलायचं काम अनेक वर्षं गावच्या कारकून मिस आर्डिथ पिंग्री खोडरबराने करत. त्यांची निष्ठा वादातीत होती, चष्म्याचा नंबर मात्र जुना होता. एका वर्षी कुत्र्यांना पट्टा बांधण्याच्या कलमाचा हवाला चुकून कबरस्तानाच्या कलमाला जोडला गेला आणि पुढची दोन वर्षं कबरस्तानातल्या मंडळींना गावात मोकळं फिरायला मनाई होती. (या काळात नियमभंगाची एकही नोंद नाही. इतकं शिस्तीने पाळलं गेलेलं दुसरं कलम गावाला आठवत नाही.)

मिस पिंग्री निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी त्यांचा मदतनीस एव्हरेट लशान्स आला. हा तरुणपणी बर्लिंग्टनला एका विमा कंपनीत प्रोग्रामर होता. नंतर गावी परतला आणि बरीच वर्षं कचेरीत दाखले देत बसला. त्या धंद्यातली माणसं धंदा सोडतात, पण जे काम चार माणसं चार दिवस करतील ते आपण एका ओळीत करून दाखवावं ही खाज काही त्यांची जात नाही. एव्हरेटचीही गेली नव्हती.

आता या ओळीविषयी दोन शब्द सांगणं भाग आहे. संगणकाला सांगता येतं की, बाबा रे, या मजकुरात अमुक नमुन्याचं जे जे दिसेल ते धर आणि त्याच्या जागी तमुक ठेव. या धरपकडीला ते लोक रेजेक्स म्हणतात. इथवर ठीक. पण याच्यापुढची एक पायरी आहे आणि ती चढलेला माणूस पुन्हा खाली येत नाही. तिथे संगणकाला सांगतात: जे धरलंस त्याच्या जागी ठरलेलं काही ठेवू नकोस. धरलेलं माझ्याकडे दे, मी त्याचं काय करायचं ते करतो, मग ते परत ठेव. न्हाव्याच्या हातात डोकं द्यावं आणि भादरलेलं तेच डोकं पुन्हा त्याच मानेवर मिळावं, तशी ही सोय आहे.

एव्हरेटने आधी फार सभ्य ओळ लिहिली होती. 'कलम' या शब्दापुढे आकडा दिसला तरच धर, त्यात एक मिळव, परत ठेव. पण मिस पिंग्रींची लेखनशैली आड आली. त्यांनी कुठे 'वरील ४ व ९ पाहा' असं लिहिलेलं, कुठे नुसतंच '(१२ प्रमाणे)'. हे सगळे हवाले ओळीच्या हातून निसटले. एव्हरेटने शनिवार सकाळ यात घालवली, कॉफीचे तीन कप घालवले आणि शेवटी या धंद्यात सगळे करतात तेच केलं. त्याने अट सैल केली. आकडा दिसला की धर. एक मिळव. परत ठेव.

"कोरिन, इकडे ये, बघ तर खरं!" त्याने बायकोला हाक मारली.

कोरिन हात पुसत आली आणि पडद्याकडे बघत राहिली. "काय बघू?"

"एवढीशी ओळ. सगळी कलमं एका झटक्यात!"

"छान आहे. आणि एवढ्यासाठी गोठलेल्या नळाला सकाळपासून तू हात लावला नाहीस होय?"

सरावासाठी काढलेल्या नकलेवर ओळ चालली, तीही पहिल्या फटक्यात आणि एकही तक्रार न करता. एव्हरेटने नियमावलीचं पहिलं पान तपासलं, शेवटचं तपासलं. दोन्हीकडचे क्रमांक अगदी बरोबर होते. मधली पानं त्याने पाहिली नाहीत. यात त्याचा दोष काढणारा माणूस प्रोग्रामर नव्हे. त्या धंद्यात सुरुवात आणि शेवट बरोबर निघाला की मधल्या भागाला सज्जन समजण्याचा प्रघात आहे.

इतकंच करून तो थांबला असता तर बरं झालं असतं. पण त्या मार्चमध्ये त्याने स्वतः एक कलम मांडलं, अर्थातच पहिल्या क्रमांकावर. त्याचे दोन भाग होते. नियमावलीतली प्रत्येक संख्या यापुढे आकड्यांतच लिहावी, अक्षरांत नव्हे (म्हणजे ओळीला ती दिसेल), आणि क्रमांक बदलायचे ते एव्हरेटच्या ओळीनेच, हाताने नव्हे (म्हणजे कुणी खोडरबर घेऊन येणार नाही). गावाने टाळ्या वाजवल्या. एखाद्या प्रोग्रामरची ओळ कायद्यात नावानिशी जाण्याची जगातली ही पहिलीच वेळ असावी. नसली तर इतरांनी ती गुपचूप ठेवली आहे आणि तेच शहाणे.

पुढच्या वर्षी फिलिपा क्विंबीबाईंचं कलम आलं: गावात प्रत्येक मुक्या प्राण्याला मानाने वागवावं. त्याच्या पुढच्या वर्षी अग्निशमन दलाचे प्रमुख डेलमार कॉर्लिस यांचं: बर्फ वितळल्यावर रस्त्यांवर जो चिखल होतो तो गावाचा अधिकृत ऋतू समजावा. अशी तीन कलमं झाली आणि ओळ तीनदा चालली. कलमांचे क्रमांक पहिल्यापासून शेवटपर्यंत बिनचूक होते. हवाले जिथल्या तिथे होते. कबरस्तान आणि कुत्री पुन्हा कधी एकमेकांत मिसळली नाहीत.

बाकीचे आकडेही अर्थातच तीनने वाढले. नियमावली छापून आली की पुढच्या सभेचा पहिला ठराव 'छापल्याप्रमाणे मंजूर' हा असतो. तो मांडणं, त्याला अनुमोदन देणं आणि हात वर करणं, या सगळ्याला मिळून एक शिंक यायला लागतो तेवढा वेळ लागतो. त्यामुळे त्या तीन वर्षांत गावात जे बदल झाले ते सर्व पूर्ण लोकशाही मार्गाने झाले, हे इथे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

घरटी कुत्र्यांची मर्यादा २ होती, ती ५ झाली. गावातल्या रस्त्यावर वेगमर्यादा २५ ची २८ झाली आणि रस्तेवाल्यांनी दर वर्षी पाटी नव्याने रंगवली. (पाटी रंगवणाऱ्याला हे विचित्र वाटलं होतं. पण पाट्या रंगवणाऱ्याने विचित्र वाटून घ्यावं असं त्याच्या कामाच्या वर्णनात लिहिलेलं नाही.) धुराडं वर्षातून १ वेळा साफ करावं हे ४ वेळा झालं आणि वेस्ट ऑरबीची धुराडी परिसरात नमुनेदार म्हणून दाखवली जाऊ लागली. आग लागल्याची खबर मिळाल्यापासून बंब १० मिनिटांत पोचावा ही अट १३ मिनिटांवर आली, आणि डेलमारचं दल, जे तोवर कधीच वेळेवर पोचलं नव्हतं, ते एकदम शंभर टक्के वक्तशीर झालं. पंचमंडळात ३ पंच असत, ते ६ झाले. सहा झाल्यावर मतं तीन-तीन पडू लागली, निर्णय होईनात आणि गावाचा कारभार पूर्वीपेक्षा सुरळीत चालू लागला. सभेच्या जेवणाला घरटी १ पातेलं भाजलेले बीन्स आणावेत, ती ४ पातेली झाली. याविषयी सभागृहात काही बोललं गेलं नाही. सभागृहाबाहेरही लोक शक्यतो दूर दूरच उभे राहिले.

सर्वांत आनंदाची गोष्ट गावाच्या स्थापनेची. ती १७९१ सालची होती. पण दर वर्षी साल एकाने पुढे जायचं आणि स्थापनाही एकाने पुढे जायची, त्यामुळे गावाचं वय आहे तिथेच थांबलं होतं. वर्धापनदिनाच्या केकवर लावलेला आकडा मिस पिंग्रींच्या काळात घडवलेला होता आणि तोच तीन वर्षं वापरता आला. इतकं टिकलेलं तारुण्य अमेरिकेत दुसऱ्या गावाला मिळाल्याचं ऐकिवात नाही.

कुणीच वय वाढू देत नव्हतं, तेव्हा एकटा एव्हरेट पासष्टचा झाला.

पासष्ट ही त्याच्या निवृत्तीची ठरलेली वेळ. अंगणात एक जुनं फिरतं घर दोन वर्षं बर्फ खात उभं होतं. त्याच्या खिडक्यांना कोरिनने पडदे शिवून लावले होते. मुलगी न्यू मेक्सिकोत राहायची. तिला झालेला मुलगा आता चालायला लागला होता आणि फोनवर आजोबांना बघून फोन चाटायचा. लशान्स जोडप्याचा बेत साधा होता. पेन्शन सुरू झाली की निघायचं, वाटेत जिथे वाटेल तिथे थांबायचं आणि त्या पोराने फोनऐवजी आजोबांना चाटावं अशा अंतरावर जाऊन राहायचं.

फेब्रुवारीत एव्हरेटने पंचमंडळाला अर्ज दिला. सहा पंचांनी तो आळीपाळीने वाचला.

"एव्हरेट," पंचांच्या प्रमुख आणि सभेच्या अध्यक्ष विनिफ्रेड स्टॅनर्डबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "तू अजून तीन वर्षांनी यायला हवं होतंस. नियमावलीत अडुसष्ट आहे."

"पासष्ट आहे."

"अडुसष्ट. हे बघ, तूच छापलंयस. कागद छान आहे हं यंदाचा."

एव्हरेटने पान हातात घेतलं. ते मधल्या पानांपैकी होतं. त्याने ६८ कडे पाहिलं, वरच्या ओळीतल्या कुत्र्यांकडे पाहिलं आणि खालच्या धुराड्यांकडे पाहिलं. आपली ओळ माणसाला लगेच ओळखू येते.

घरी जाऊन त्याने कोरिनला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं. शांतपणे ऐकणं हे तिच्या बाबतीत चांगलं लक्षण नव्हतं.

"म्हणजे तू वयाने एक पाऊल पुढे जातोस," ती म्हणाली, "आणि तुझी ओळ निवृत्तीला एक पाऊल पुढे ढकलते."

"तसंच काहीसं."

"इतर बायकांचे नवरे बायकोला ताटकळत ठेवतात. तू स्वतःलाच ठेवलंस, तेही कायद्याने! मग दुरुस्त कर ना ती ओळ! एक अट घालायला किती वेळ लागतो?"

"अट घालायला दोन मिनिटं लागतात. पण ओळ आता कलमात आहे. ओळ बदलायची तर दुरुस्तीचं कलम हवं. दुरुस्तीचं कलम आलं की ते पहिल्या क्रमांकावर बसणार. ते बसलं की ओळ चालणार."

"आणि?"

"आणि एकोणसत्तर."

कोरिनने खिडकीतून फिरत्या घराकडे पाहिलं. "मग अक्षरात लिहा म्हणावं. प-आ-स-ष-ट."

"अक्षरात लिहायला बंदी आहे."

"कुणी घातली?"

कोरिनला उत्तर माहीत होतं आणि तिला ते त्याच्याच तोंडून ऐकायचं होतं, असं मानायला जागा आहे.

दोन दिवस एव्हरेट झोपला नाही, तिसऱ्या दिवशी त्याला तोड सुचली. कलम आत आलं की एक मिळवायचा, तर कलम बाहेर गेलं की एक वजा करायचा. हा शुद्ध न्याय होता. गेल्या तीन वर्षांची तीन कलमं सभेने रद्द केली की ओळ तीनदा उलटी चालेल आणि अडुसष्टचे पासष्ट होतील, तेही पूर्ण कायदेशीर. त्यातलं एक कलम त्याचं स्वतःचं होतं, ते सोडायला तो आनंदाने तयार होता. उरलेल्या दोघांचीच समजूत घालायची होती.

मार्चचा मंगळवार उजाडला. व्यायामशाळेत बूट, ओल्या लोकरीचे कोट आणि बीन्स यांचा मिळून एक भरभक्कम वास कोंदला होता. भिंतीला लागून पातेली एकावर एक रचलेली होती. छापल्याप्रमाणे मंजूर झालं. मग एव्हरेट उभा राहिला. त्याने घसा खाकरून सगळं सांगितलं. ओळीचं, सैल केलेल्या अटीचं, न पाहिलेल्या मधल्या पानांचं.

"ही माझी चूक आहे," तो म्हणाला. "आणि मी ती मान्य करतो."

"चूक कशी?" विनिफ्रेडबाई म्हणाल्या. "सभेने मंजूर केलंय. सभेने मंजूर केलेली गोष्ट चूक नसते, एव्हरेट, निर्णय असतो. तू उगाच स्वतःला दोष देऊ नकोस. बस, पाणी पी."

मग चर्चा झाली. तीन कलमं रद्द केल्यास प्रत्येक आकडा तीनने खाली येईल, एवढं सभेच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. एकदा आलं तेव्हा खुर्च्या करकरल्या.

फिलिपाबाई उठल्या. त्यांची पाच कुत्री बाहेर ट्रकमध्ये होती आणि आपला विषय निघालाय हे कळल्यासारखी भुंकत होती. "पाचाची दोन? बरं. मग एव्हरेट, तूच ये माझ्याकडे. पाचही जणांना मी ओसरीत बसवते. त्यांच्या तोंडाकडे बघ आणि सांग कुठली तीन. मी पोचवून येते. मला काही म्हणायचं नाही."

त्या खाली बसल्या आणि नाक शिंकरलं. दोन-तीन रांगांतून हळहळल्याचे आवाज आले. एव्हरेटला त्या पाचातलं सर्वांत म्हातारं कुत्रं चांगलं ठाऊक होतं. ते रोज कचेरीच्या पायरीवर त्याच्या डब्यातलं सँडविच खायला यायचं.

डेलमार उठला. आग विझवणाऱ्याच्या पोशाखातच तो सभेला येतो, म्हणजे कुणी विसरायला नको. "मी सरळ सांगतो, लशान्स. दहा मिनिटं होती तेव्हा आम्ही दर वेळी उशिरा. लोक जळक्या गोठ्यापुढे उभे राहून आम्हाला घड्याळं दाखवायचे. आता तेरा आहेत, तर आम्ही दर वेळी वेळेवर. तुझ्या एका ओळीने जे झालं ते नव्या बंबाने झालं नसतं. आणि तू ते काढून घ्यायला निघालास?"

"पण तुम्ही पोचता त्याच वेळेला ना?" मागून कुणीतरी म्हणालं.

"त्याच वेळेला," डेलमार अभिमानाने म्हणाला, "पण वेळेवर."

सहा पंचांनी या विषयावर मत दिलं नाही. सहाचे तीन झाल्यास कोण तीन राहतील हा प्रश्न उपस्थित झाल्यावर सहाही जण छताकडे पाहू लागले. छताला बास्केटबॉलचा एक चेंडू गेली काही वर्षं अडकलेला आहे, त्याचा त्या दिवशी बारकाईने अभ्यास झाला. धुराडी साफ करणारा अश्रू ढाळत बाहेर गेला. वर्धापनदिन समितीने गाव एकदम तीन वर्षांनी म्हातारं झालेलं आपल्याच्याने बघवणार नाही असं सांगितलं. एव्हरेटच्या बाजूने ठामपणे बोलले ते फक्त बीन्स. म्हणजे लोक त्या पातेल्यांकडे बघत होते आणि त्यांचे चेहरे द्रवत होते. पण बीन्सना मताधिकार नाही.

"सगळं कशाला खाली आणायचं?" एका सज्जनाने तोड काढली. "एकट्या एव्हरेटचाच आकडा बदलू. नवं कलम करू: कारकुनाची निवृत्ती ६४."

"चौसष्ट का?"

"ओळ चालली की पासष्ट होतील."

सभेत कुजबुज झाली. विनिफ्रेडबाईंनी हातोडा आपटला. "म्हणजे सभेने चौसष्टला मत द्यायचं आणि छापून यायचं पासष्ट? लोकांनी एका आकड्याला हात वर करायचा आणि कायदा दुसऱ्याच आकड्याचा व्हायचा? दोनशेहून जास्त वर्षांत या गावात मतदानाशिवाय एक आकडा बदललेला नाही. मी अध्यक्ष असेपर्यंत बदलणारही नाही!"

टाळ्यांनी व्यायामशाळा दणाणली. सूचना करणारे सज्जन लाजून खाली बसले. (त्यांना न्यू हॅम्पशायरमधल्या घरांची जाहिरात कुणीतरी दुसऱ्याच दिवशी पाठवली.)

रद्द करण्याचा ठराव पडला. एव्हरेटच्या बाजूने दोन हात वर झाले, एक त्याचा आणि एक कोरिनचा. बाकीचे हात मांडीवर होते. एकाही चेहऱ्यावर राग नव्हता हे सांगितलं पाहिजे. सगळ्यांना फार वाईट वाटत होतं. इतक्या सगळ्यांना इतकं वाईट वाटत असताना एकट्या माणसाने आपलं दुःख उगाळत बसणं बरं दिसत नाही, म्हणून एव्हरेटही हसला आणि कागद आवरू लागला.

आणि इथेच वेस्ट ऑरबीचं काळीज दिसलं. माणसाला असं रिकाम्या हाताने घरी पाठवणारं ते गाव नव्हे. फिलिपाबाई पुन्हा उठल्या, त्यांनी डेलमारच्या कानात काही सांगितलं, डेलमारने मान हलवली आणि दोघांनी मिळून जेवणाच्या कागदी रुमालावर काहीतरी खरडलं. मग फिलिपाबाईंनी ते वाचून दाखवलं.

"हे गाव नोंद करतं की, एव्हरेट लशान्स याने या गावाची मनापासून सेवा केली. कुणाचं बाळ जन्मलं तर दाखला घेऊन तो स्वतः घरी गेला आणि बाळ बघून आला. कुणी गेलं तर त्या घराला त्याने कचेरीत हेलपाटे घालू दिले नाहीत. बर्फाच्या वादळात डोंगरावरच्या म्हाताऱ्या टिलॉटसनबाईंचं मत राहू नये म्हणून तो पायांना बर्फावर चालायच्या फळ्या बांधून त्यांच्या दारात गेला, आणि त्यांनी कुणाला मत दिलं ते त्याने आजवर कुणाला सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही. त्याच्या खिडकीशी गेलेला माणूस कधी मान खाली घालून परतला नाही. म्हणून हे गाव त्याचं ऋणी आहे, आणि हे ऋण गावाच्या नियमावलीत कायमचं लिहून ठेवावं. पहिल्या क्रमांकावर."

डेलमारने शिरस्त्राण काढलं. मागच्या रांगेत एक दणकट शेतकरी उघड रडला आणि ओल्या कोटाला नाक पुसलं. एव्हरेटचेही डोळे भरून आले, कारण यातला शब्द न शब्द खरा होता आणि हे सगळं कुणाच्या लक्षात असेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं. मग 'पहिल्या क्रमांकावर' हे शेवटचे शब्द त्याच्या डोक्यात उतरले आणि त्याने कोरिनकडे पाहिलं.

कोरिन त्याच्याकडेच बघत होती. बेरीज तिचीही पक्की होती.

"ठराव मताला टाकते," विनिफ्रेडबाई म्हणाल्या. "अनुकूल असतील त्यांनी हात वर करावेत."

हात वर झाले. रांगेमागून रांग वर झाली. एक बाई तेवढी हात खाली ठेवून बसलेली दिसली आणि ती उत्सवमूर्तीची बायको निघाली, तेव्हा सगळी व्यायामशाळा तिच्याकडे वळून प्रेमाने हसू लागली. आनंदाने तिला सुचेनासं झालंय, असं सगळ्यांना वाटलं. शेजारणीने तिचं कोपर हलकेच दाबलं. कोरिनने एकदा दरवाजाकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. मग तिने हात वर केला, खांद्यापर्यंत, आणि हसली.

मोजणीचं काम कारकुनाचं. एव्हरेटने रांगेगणिक बोट फिरवत मोजलं आणि शेवटी आपलाही हात वर केला, कारण स्वतःच्या आभारांना विरोध करणं तिकडे उद्धटपणाचं समजतात. विरोधात कुणी नव्हतं. मग तो कचेरीत गेला, त्याने नवं कलम वरती चिकटवलं आणि ओळ चालवली. एकही तक्रार न करता ती चालली. घरी आल्यावर कोरिनने फिरत्या घराचे पडदे काढून धुवायला टाकले. चार वर्षांत धूळ बसते म्हणाली.

दप्तरात एक किरकोळ विसंगती मात्र राहून गेली आहे. सभेला हजर असलेल्यांच्या सह्या एकशे अठरा आणि आभाराच्या ठरावाला वर झालेले हात एकशे एकोणीस. एव्हरेटने ते दोनदा मोजले होते आणि मोजण्यात त्याचा हात कुणी धरत नाही. पंचमंडळाने रीतसर चौकशी केली. हजर असलेल्या प्रत्येकाने आपण एकदाच हात वर केल्याचं शपथेवर सांगितलं. शेवटी बाहेरचा कुणीतरी आत येऊन, ठराव ऐकून, भारावून हात वर करून गेला असला पाहिजे, असा निष्कर्ष निघाला. फिलिपाबाई तो रुमाल वाचत होत्या तेव्हा, 'चला, निदान एवढं तरी केलं बिचाऱ्यासाठी' असं तुमच्या मनात येऊन गेलं ना? आलं होतं. मग आता मागे वळून कुणाकडे बघताय? हात खाली घ्या, मोजून झालंय.